रंगाऱ्याची लेक

आमच्या घरी सूत रंगवायचं काम. परसात निळीचे रांजण पुरलेले. रांजणातून काढलेली लडी आधी हिरवट दिसते, मग वारा लागला की डोळ्यांदेखत निळी होत जाते. शाळेला निघण्याआधी लडी पिळून दोरीवर टाकायचं काम माझं. नखांतली नीळ राखेनं घासूनही जायची नाही. पाचवीत मुली माझ्या शेजारी बसायला तयार नसत, म्हणून मी हात खिशात घालून बसायची.

एकदा मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरांनी सिएनाच्या संत कॅथरिनची गोष्ट काढली. सुरुवातच अशी, "तिचे वडील रंगारी होते." माझे हात खिशातून कधी बाहेर आले, मला कळलंच नाही.

इटलीतल्या सिएनात 1347 साली तिचा जन्म. घरात वीसहून जास्त भावंडं. लग्नाचा लकडा लागला तेव्हा तिनं केसच कापून टाकले. पुढे प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा केली. शाळेचं तोंड न पाहिलेली ही मुलगी पत्रं सांगायची आणि दुसरे लिहून घ्यायचे. त्यांतली पावणेचारशेहून जास्त आजही आहेत. पोप तेव्हा फ्रान्समध्ये आव्हिन्योंला राहत. ही 1376 साली तिथं गेली आणि अकराव्या ग्रेगरींना म्हणाली, रोमला परत चला. पत्रांत ती त्यांना 'बाब्बो' म्हणते, आपण घरात 'बाबा' म्हणतो तसं! 1377च्या जानेवारीत पोप रोमला आले. 1380 साली ती गेली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. 1970 साली चर्चनं तिला 'आचार्य' ही पदवी दिली.

एक प्रसंग सिस्टरांनी दहावीत सांगितला. मृत्युदंड झालेल्या एका तरुणाच्या सोबतीला ती वधस्थानी गेली, त्याचं शिर तिनं आपल्या हातांत झेललं. अंगावर उडालेलं रक्त धुवून टाकवेना, असं तिनं स्वतः पत्रात लिहिलंय. ते ऐकून मी कितीतरी वेळ माझ्या नखांकडे बघत बसले होते.

पाचवीतल्या त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. लडी पिळता पिळता त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांच्याकडं नीळ कशाची गं?"

सिस्टरांनी आठवडाभरात शोधून काढलं. तिकडे ग्वादो नावाचं रोप असतं, त्याच्या पानांची.

"मग आंबवावी लागत असणार," बाबा म्हणाले, "आपल्यासारखीच."