दोन मुक्काम, एक पानगळ : आमची वाटचाल

न्यू हॅम्पशरच्या दक्षिण टोकाला, मॅसॅच्युसेट्सच्या सीमेला लागून असलेल्या नॅशुआ गावातून मी आणि माझा नवरा आरव्ही भाड्याने देतो. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं छोटं घरच ते. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम आणि गॅसवर चालणारा हीटर असतो. आमच्या गाड्या चोवीस-पंचवीस फुटांच्या आहेत आणि साध्या लायसन्सवर चालवता येतात. मेपासून त्या रस्त्यावर असतात, पण आमचा धंदा उभा राहिला तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या दिवसांवर. इथल्या पानगळीवर.

२०१७ साली पहिली गाडी घेतली, जुनी. नवऱ्याचा हात मशिनरीत बसलेला, हिशेब आणि बुकिंग माझ्याकडे. पहिली गिऱ्हाइकं मंडळाच्या गणपतीत भेटली आणि त्यांच्याशी बोलतानाच आपली गाडी नेमकी कोणाला हवी आहे ते लक्षात आलं. भारतातून आलेले आई-वडील साधारण मे-जूनमध्ये येतात आणि दिवाळीच्या सुमारास परततात. ऑक्टोबर हा त्यांचा इथला शेवटचा महिना. मुलांना वाटतं, जाण्याआधी यांना पानगळीतल्या झाडांचे रंग दाखवावेत. पण त्या दिवसांत डोंगरातल्या हॉटेलांचे दर परवडत नाहीत, तंबूत जमिनीवर झोपणं गुडघ्यांना झेपत नाही, आणि एका दिवसात जाऊन यायचं तर बॉस्टनहून जाताना अडीच तास, येताना ट्रॅफिकमध्ये चार. वर बाथरूमची चिंता. ती चिंता तोंडाने कोणी बोलत नाही, पण तिच्यापायी कितीतरी आज्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गाडीत स्वतःचं बाथरूम असलं, हवा तेव्हा चहा टाकता आला, दुपारी अर्धा तास आडवं होता आलं, की तीच माणसं खिडकीबाहेर मोकळेपणाने बघू लागतात. आमचा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता रंगांबद्दल. फोन करणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो, ‘पीक (peak) कधी आहे?’, म्हणजे रंग ऐन भरात कधी येणार. तारीख आम्ही कधीच देत नाही. मी साताऱ्याची. कासची फुलं पाऊस ठरवतो, कॅलेंडर नाही, हे लहानपणापासून पाहिलेलं. इथेही तसंच आहे. दिवस लहान होऊ लागले की पानांतलं हरितद्रव्य विरत जातं आणि आधीपासून पानात असलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र झाड त्याच दिवसांत नव्याने तयार करतं, पानात अडकलेल्या साखरेतून. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण कडक हिम नाही, असा आठवडा लागला की मेपल पेटतात. २०२० साली इथे दुष्काळ होता, रंग लवकर आले. २०२३ मध्ये १८ मेच्या रात्री अवेळी हिम पडून कोवळी पालवी करपली, उन्हाळाभर पाऊस झाला, आणि त्या साली आम्ही पाहिलेले रंग फिके होते. अशा वर्षी गिऱ्हाइकाला आधीच फोन करून सांगतो. काहींनी बुकिंग रद्दही केलं. पैसे परत केले, कारण पुढच्या वर्षी तीच माणसं येणार असतात.

रंग कुठून कुठे जातो ते मात्र पक्कं ठाऊक असतं. दलदलीतले लाल मेपल सर्वांत आधी, सप्टेंबरमध्येच. मग कॅनडाच्या सीमेजवळचं पिट्सबर्ग, कोलब्रुक, डिक्सव्हिल नॉच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हाइट माउंटन्स, त्यानंतर सरोवरांचा पट्टा, आणि शेवटी आमचं नॅशुआ. डोंगरावर तो माथ्याकडून पायथ्याकडे उतरतो. त्यामुळे बुकिंग घेताना आम्ही आठवडा ठरवतो. उत्तरेला जायचं की दक्षिणेला, ते निघण्याच्या चार दिवस आधी.

सुरुवातीला लोक सहा दिवसांत पाच राज्यांचा बेत घेऊन यायचे. व्हरमाँट, मेन, तिथलं अकेडिया नॅशनल पार्क, येताना मॅसॅच्युसेट्सचा केप कॉड किनारा. अशी गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते, वळणाच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर नेऊ नये, आणि दर संध्याकाळी नव्या जागी ती सपाट उभी करून वीज-पाणी जोडायचं असतं. चालवणाऱ्या मुलाला पानं दिसतच नाहीत, त्याला फक्त रस्ता दिसतो. म्हणून आम्ही एक नियम केला: पानगळीच्या सहलीला दोनच मुक्काम. अमर्याद मैलांची सवलत काढून टाकली आणि तिच्याऐवजी दिवसाचं भाडं कमी केलं. काही गिऱ्हाइकं त्या वर्षी दुसरीकडे गेली. हा निर्णय मी आजही तसाच घेईन. एकाच ओढ्याकाठी तीन सकाळी उठलं की पहिल्या दिवशी हिरवा असलेला मेपल तिसऱ्या दिवशी टोकाकडून लाल झालेला दिसतो. धावत्या गाडीतून हे दिसणं शक्य नाही.

सर्वाधिक कुटुंबं आम्ही कँकामॅगस हायवेवर पाठवतो. लिंकनपासून कॉनवेपर्यंत ३४.५ मैलांचा हा रस्ता व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमधून जातो आणि मध्ये २,८५५ फुटांवर खिंड ओलांडतो. वाटेत एकही पेट्रोल पंप नाही, त्यामुळे टाकी आधीच भरून घ्यायची. रस्त्याला नाव आहे ते १७व्या शतकातल्या पेनाकूक लोकांच्या एका प्रमुखाचं. आजोबा मंडळींना मी आवर्जून सांगते की समोर दिसणारं बरंचसं जंगल शंभर-सव्वाशे वर्षांचंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे डोंगर लाकडासाठी उघडेबोडके केले गेले, मागे राहिलेल्या फांद्या-पाल्याला वणवे लागले, नद्या गाळाने भरल्या. मग १९११ मध्ये वीक्स कायदा झाला आणि सरकारने या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. आज आपण ज्या पिवळ्याधमक बर्चखाली खुर्च्या टाकून बसतो, ते अशा तोडलेल्या-जळलेल्या जागेवर परत उभं राहिलेलं रान आहे. सह्याद्रीतले उघडे डोंगर बघत मोठी झालेली मी, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

या रस्त्यावरच्या वनखात्याच्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नाही. पानगळीतलं आरव्ही कॅम्पिंग उन्हाळ्यापेक्षा वेगळं पडतं ते इथे. ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा बॅटरीवर. जुन्या बॅटऱ्या पहाटे तीनला मान टाकायच्या, आणि वयस्कर माणूस गाडीत असताना ते परवडणारं नाही. छतावर सोलर पॅनल आहे, पण ऑक्टोबरचं तिरकं ऊन आणि वर दाट झाडी, त्याच्याकडून फारसं काही मिळत नाही. म्हणून एका हिवाळ्यात आम्ही सगळ्या गाड्यांना लिथियम बॅटऱ्या बसवल्या. तोवरचा तो आमचा सर्वांत मोठा खर्च होता. त्या सालापासून प्रत्येक पलंगावर एक जाड गोधडीही असते, साताऱ्याहून आणलेली.

किल्ली देण्याआधी आम्ही तासभर गाडी समजावतो आणि घरातल्या सर्वांनी तेव्हा हजर राहावं असा आग्रह धरतो. पहिली गोष्ट उंची. गाडी अकरा फूट उंच आहे आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर मोठ्या अक्षरात चिकटवलेला आहे. बॉस्टनचा स्टॉरो ड्राइव्ह तिच्यासाठी बंद, तिथले पूल ठेंगणे. कँकामॅगसजवळच्या ऑल्बनीचा १८५८ सालचा छप्पर असलेला लाकडी पूल बघायचा तो पायी. व्हरमाँटच्या स्मगलर्स नॉचची वळणं मोठ्या शिळांमधून जातात, तिथे लांब गाड्या अडकतात. माउंट वॉशिंग्टनच्या ऑटो रोडवर आरव्हीला परवानगीच नाही. दुसरी गोष्ट टाक्या: स्वच्छ पाणी, धुण्याचं पाणी आणि मैला, तिन्ही वेगळ्या. मैल्याची टाकी आधी रिकामी करायची, मग धुण्याच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. जिथे नळाची जोडणी असेल तिथे पाण्याचा पाइप रात्री काढून ठेवायचा, नाहीतर सकाळी त्यात बर्फ. तिसरी गोष्ट फोडणी. आतली शेगडी पेटवून मोहरी-मिरची टाकली की धुराचा अलार्म कोकलतो आणि वास गाद्यांना धरतो. म्हणून प्रत्येक गाडीत बाहेर ठेवायची एक वेगळी शेगडी, लोखंडी कढई आणि मिसळणाचा डबा देतो. हा डबा माझ्या सासूबाईंची कल्पना.

सरपणाबद्दल मी कडक आहे. दुसऱ्या राज्यातून प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड आणायला न्यू हॅम्पशरमध्ये बंदी आहे, कारण अ‍ॅश झाडं मारणारा हिरवा भुंगेरा अशाच लाकडातून पसरतो. कॅम्पग्राउंडजवळच्या शेतकऱ्याकडून भारा घ्यायचा आणि तिथेच जाळून संपवायचा. त्याचे पाच-सात डॉलर वाचवण्यासाठी जंगल धोक्यात घालू नये.

२०२० मध्ये विमानं थांबली, आई-वडील येऊ शकले नाहीत, आणि आम्हाला वाटलं की संपलं. झालं उलटंच. हॉटेल नको म्हणणारी तरुण कुटुंबं आली, मुलांना घेऊन. त्यानंतर काही काळ कर्ज स्वस्त होतं आणि ओळखीचे व्यावसायिक गाड्यांमागून गाड्या घेत होते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांच्या आसपास नव्या आरव्ही बाहेर पडल्या. २०२३ मध्ये आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. आम्ही त्या काळात एकच गाडी वाढवली. आपल्या हाताने धुता येतील, तपासता येतील तेवढ्याच गाड्या ठेवायच्या हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं.

या सगळ्या काळातली एक रात्र लिहायलाच हवी. २०२२ ची कोजागरी ९ ऑक्टोबरला आली, नेमकी कोलंबस डेच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीत, आणि रंग भरात होते. आमच्या गाड्या घेतलेली कुटुंबं दोन शेजारच्या कॅम्पग्राउंडमध्ये होती. मी आणि नवरा दुधाचे कॅन, केशर, जायफळ घेऊन वर गेलो. स्विफ्ट नदीच्या काठी शेकोटीवर दूध आटवलं. रात्री दहानंतर तिथे शांतता पाळावी लागते, म्हणून भेंड्या आधीच उरकल्या. सांगलीच्या एक आजी चंद्राकडे न बघता झाडांकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, “पोरी, रात्रीसुद्धा दिसतंय गं लाल.” खरंच दिसत होतं. आता कोजागरी सुट्टीच्या जवळपास आली की त्या रात्रीसाठी लोक वर्षभर आधी नाव देतात.

हंगाम संपला की पाइपांतलं पाणी काढून न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, उंदीर शिरू नयेत म्हणून फटींत स्टील वूल कोंबायचं, आणि गाड्या एका शेतकऱ्याच्या कोठारात लावायच्या. या हिवाळ्यात त्यांतल्या एका गाडीचं दार आम्ही बदलतो आहोत. खालची पायरी जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर येईल आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे असतील. बाथरूममध्ये बसायची घडीची खुर्चीही बसवतो आहोत. ही गाडी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी राखीव राहील.

आणि ज्यांचे आई-वडील ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत आहेत त्यांनी हळहळू नये. कोलंबस डेनंतर उत्तरेची बरीच कॅम्पग्राउंड बंद होतात, पण तोवर रंग दक्षिणेकडच्या मोनॅडनॉक डोंगराच्या पायथ्याशी उतरलेला असतो, आणि ओक तर त्यानंतरच तांबूस होतात. त्या आठवड्यांत गर्दी नसते, भाडं कमी असतं, आणि नॅशुआहून गाडी तासाभरात पोचते.