शुक्रावर गेलेला भारतीय प्रोफेसर

रविवारी दुपारी बाबांसोबत लॅपटॉपवर १९६० चा एक जुना साय-फाय पिक्चर बघितला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जातच नाहीये. पूर्व जर्मनी आणि पोलंडने मिळून काढलेला, 'डेर श्वाइगेंडे श्टेर्न', म्हणजे मौन तारा. स्तानिस्वाव लेमच्या १९५१ च्या कादंबरीवरून, डायरेक्टर कुर्ट मेट्सिग.

गोष्ट अशी की सायबेरियात १९०८ मध्ये जे कोसळलं ते शुक्रावरून आलेलं यान होतं, त्यातली एक रीळ सापडते, तिच्यावर काहीतरी मेसेज आहे आणि तो शोध घेत एक टीम शुक्रावर निघते. रशियन, अमेरिकन, जर्मन, पोलिश, चिनी, जपानी, आफ्रिकन आणि चक्क एक भारतीय! प्रोफेसर सिकर्णा, गणितज्ञ. रिळीवरची भाषा तो आणि चिनी भाषातज्ज्ञ मिळून सोडवतात, म्हणजे नुसता कोपऱ्यात उभा केलेला नाही, त्याच्यावाचून काम अडलं असतं. तुम्ही १९५६ चा 'फॉरबिडन प्लॅनेट' आठवा, त्या यानात एकजात गोरे पुरुष आहेत. त्यापुढे हे बघून मला खरंच भरून आलं.

मग बाबा म्हणाले, "हा आपल्याकडचा वाटत नाही गं." मी पॉज करून नावं शोधली तर कुर्ट राकेलमान, जर्मन नट! आणि सिकर्णा हे आडनाव तरी कुठलं, मी आजवर ऐकलेलं नाही, बाबांनीही नाही. म्हणजे यानात भारताची सीट होती पण तिच्यावर बसायला भारतीय माणूस नव्हता. मला याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतंय, कारण याच पिक्चरमध्ये जपानी डॉक्टर सुमिकोचं काम योको तानीने केलंय, आफ्रिकन तालुआचं ज्युलियस ओंगेवेने, तो तर पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या काळ्या अंतराळवीरांपैकी एक. मग आमच्याच वेळी काय झालं?

सुमिकोबद्दल थोडं लिहायलाच हवं. तिच्या मागे हिरोशिमाची जखम आहे आणि शुक्रावर पोचल्यावर तिथल्या लोकांनी स्वतःचाच कसा नाश करून घेतला ते कळतं, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, त्या गोष्टीत जपानी बाई असण्याला कारण आहे, कोटा भरायला ती आणलेली नाही. आणि १९६२ मध्ये अमेरिकेत हाच पिक्चर डब करून, बराच कापून लावला तेव्हा हिरोशिमाचे उल्लेखच काढून टाकले. म्हणजे बाई ठेवली, तिचं दुःख कापलं. सिकर्णाच्या बाबतीत माणूस बदलला, इथे आठवण पुसली, आणि मला तरी हे दुसरं जास्त लागलं.

शेवटी तिघं परत येत नाहीत, जर्मन, चिनी आणि तालुआ. सिकर्णा येतो. यान उडालं, तालुआ खाली शुक्रावरच राहिला आणि बाबा एकदम पुढे सरकून म्हणाले, "अरे, त्याला तिथेच सोडून चालले?"

मी लॅपटॉप बंद केला नाही, बराच वेळ नावं सरकत राहिली, आणि आम्ही दोघं ओंगेवेचं नाव कुठे येतंय ते बघत बसलो.