परप्रांतीय भाडेकरू आणि सोसायटीचा दाखला

नवी मुंबईतल्या घणसोली-कोपरखैरण्यात घर शोधणाऱ्या बिहारी किंवा ईशान्येकडच्या माणसाला एजंट फोनवरच सांगतो, "बाहेरचे चालत नाहीत." संविधानाच्या कलम 15(2) नुसार जन्मस्थानावरून दुकानात, हॉटेलात मज्जाव करता येत नाही, खासगी घरमालक मात्र त्यात येत नाही. ही फट राज्याच्या कायद्यानेच बुजवायला हवी, आणि त्यात सोसायटी व एजंट यांनाही धरायला हवं. नुसत्या घरमालकाला धरलं तर तो कमिटीकडे बोट दाखवून मोकळा.

तोवर काय? घर भाड्याने देण्याआधी सोसायटीच्या नाहरकत दाखल्याचा आग्रह बहुतेकदा निव्वळ दादागिरी असते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सभासदाने (घरमालकाने) सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. बिनभोगवटा शुल्कही (घरात स्वतः न राहता ते भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

तक्रार अडते ती नकार तोंडी असतो म्हणून. तो लेखी मागा, नाहीतर निदान ईमेलवर. मग सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे अर्ज, तोही घरमालकाच्या नावाने, कारण भाडेकरू सभासद नसतो. भाडेकरार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची.