जुन्या फोटोतली मुंबई ओळखायची कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

मुंबईचा एखादा जुना फोटो कुणाच्या हाती लागला की तो फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो आणि सोबत ठरलेला प्रश्न असतो: ‘ही जागा नक्की कुठली, फोटो कधीचा, आणि तुम्हाला हे ओळखता कसं येतं?’ आजवर प्रत्येकाला तुटक उत्तरं देत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून लिहिते.

फोटोच्या मधोमध जी इमारत ऐटीत उभी असते, तिच्याकडून वर्ष फारसं कळत नाही. बोरीबंदरचं स्टेशन, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, घ्या. ते १८८८ साली बांधून पुरं झालं आणि आजही जागच्या जागी आहे. स्टेशन दिसतंय यावरून एवढंच ठरतं की फोटो त्यानंतरचा आहे. मग तो टिळकांच्या काळातला असेल नाहीतर गेल्या दिवाळीतला. खरं बोलतं ते फोटोग्राफरच्या लक्षातही न आलेलं: पायाखालचा रस्ता, कडेच्या दुकानाची अर्धी कापली गेलेली पाटी, वरच्या तारा. त्यामुळे फोटो हातात आला की मी आधी जमीन बघते, मग आभाळ, आणि इमारत सगळ्यात शेवटी.

माझ्याजवळ बोरीबंदरच्या चौकाचं एक जुनं पिक्चर पोस्टकार्ड आहे. अशी दृश्यं ‘मुंबई, १८६०’ असा मथळा लावून मोबाइलवर फिरत असतात, म्हणून ते जरा जवळून दाखवते. रस्त्यात रूळ आहेत. मुंबईत ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि पहिल्या दोन मार्गांपैकी एक बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जायचा. तेव्हा रूळ दिसताक्षणी १८६० बाद होतं. ट्रामला दोन घोडे जुंपलेत. आता मान वर करून बघा: तारा नाहीत, तारा तोलणारे खांबही नाहीत. विजेची ट्राम मे १९०७ मध्ये आली. डाव्या कडेला महापालिकेच्या इमारतीचा घुमट डोकावतो, ती १८९३ची. एवढ्यात आपण १८९३ ते १९०७ या टप्प्यात आलो आणि स्टेशनाकडे अजून नीट पाहिलेलंही नाही. ते आता पाहू. त्याची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे आणि ती उन्हात उजळलीय, म्हणजे वेळ दुपार कलल्यानंतरची. घड्याळाखालच्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे; आज तो कोनाडा रिकामा आहे. चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत कुणीतरी बारीक अक्षरांत खुशाली कळवलीय, कारण कार्डाच्या पाठीवर तेव्हा फक्त पत्ता लिहायची मुभा होती. पुढे पाठीची निम्मी बाजू मजकुराला मिळाली आणि चित्रावर लिहायची गरज उरली नाही. हे सगळं जुळवलं की माझा कल विसाव्या शतकाच्या अगदी पहिल्या वर्षांकडे जातो.

एवढ्या गोष्टी त्या कार्डात मुद्दाम कुणीच टिपलेल्या नव्हत्या. फोटोग्राफरला भव्य स्टेशन हवं होतं. बाकीचं शहर आपणहून चौकटीत आलं, आणि मला त्याचंच मोल वाटतं.

पालव्याच्या, म्हणजे अपोलो बंदरच्या, किनाऱ्याचे फोटो यामानाने सोपे. ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडलं आणि गेटवे पुरा झाला १९२४ साली. ताज आहे पण समोर नुसता धक्का आणि पाणी आहे, असा फोटो त्या मधल्या वर्षांतलाच. ‘राजा पाचवा जॉर्ज गेटवेतून उतरताना’ असं लिहिलेला फोटो आला तर मथळा खुशाल खोडा. राजा १९११ साली आला तेव्हा तिथे त्याच्या स्वागतासाठी उभारलेला तात्पुरता मंडप होता. गेटवेची पायाभरणी १९१३ साली झाली. काळ्या घोड्याचंही तसंच. घोड्यावर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा त्या चौकात १८७९ ते १९६५ होता, आता तो राणीच्या बागेत आहे. त्या चौकाचा फोटो असेल तर स्वार आहे की नाही एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

पश्चिमेकडची बाजू मात्र मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवते, कारण तिथे इमारतींनी नव्हे, समुद्रानेच जागा बदलली. १८७८ साली पुऱ्या झालेल्या राजाबाई टॉवरच्या उंचीवरून पश्चिमेला काढलेले जुने फोटो बघा. समोर ओव्हल मैदान, त्याच्या पलीकडे रेल्वेची लाइन, आणि लाइनीला लागून थेट पाणी. हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय या सगळ्या इमारती समुद्राकडे तोंड करून बांधल्या होत्या हे फोटो पाहिल्यावर कळतं. आज मैदानात उभं राहून ते मनात येत नाही. बॅकबेचा भराव विसाच्या दशकात जोमाने हाती घेतला गेला, तिसाच्या दशकात ओव्हलच्या पश्चिम कडेला गोल सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली, मरीन ड्राइव्ह झाला, आणि समुद्र त्या रांगेमागे गेला. आणखी एक खूण सांगते. रेल्वे तेव्हा चर्चगेटला संपत नव्हती, पुढे कुलाब्यापर्यंत जायची. कुलाबा स्टेशन १९३०च्या अखेरीस बंद झालं. त्यामुळे चर्चगेटच्या दक्षिणेला रूळ दिसत असतील तर फोटो त्याआधीचा असण्याचीच शक्यता जास्त.

याच्याही मागे जायचं तर किल्ल्याचा तट लागतो. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, फोर्टचा तट पाडला गेला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. म्हणजे कॅमेरा आणि तट या शहरात एकत्र नांदले ते जेमतेम दहा-बारा वर्षं. त्या काळातला तटाचा किंवा वेशीचा फोटो दिसला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. चर्चगेटची वेस जिथे होती त्याच सुमाराला १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभं राहिलं, त्यामुळे वेस आणि कारंजं एका फोटोत शोधायला जाऊ नका.

या सुरुवातीच्या फोटोंत रस्ते ओस पडलेले दिसतात आणि लोक म्हणतात, ‘किती शांत होती हो मुंबई!’ शांत नव्हती. काचेच्या ओल्या प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात जो चालत गेला तो उमटलाच नाही. नीट बघितलं तर रस्त्यावर धुरकट पट्टे दिसतात, ती चालती बैलगाडी. स्पष्ट दिसतो तो भिंतीला टेकून बसलेला पाणीवाला, झोपलेला कुत्रा, नाहीतर कॅमेऱ्याकडे टक लावून थांबलेली मुलं. आणि रंगीत पोस्टकार्डांतल्या रंगांवर भिस्त ठेवू नका. त्यातली कितीतरी जर्मनीत छापली जायची. आभाळ निळं की गुलाबी, पागोटं लाल की हिरवं, हे मुंबई कधी न पाहिलेला कारागीर ठरवायचा. क्वचित प्लेट उलटी छापली जाते आणि डावं-उजवं बदलतं. दुकानाची पाटी उलट्या अक्षरांत दिसली तर लगेच कळतं, पाटी नसेल तर नकाशा काढावा लागतो. १८७२ साली पुरं झालेलं कर्नल लॉटन यांचं शहराचं सर्वेक्षण अशा वेळी फार उपयोगी पडतं.

वर्ष ठरल्यावर जागा. फोटोची प्रत घेऊन तिथे जायचं आणि फोटोग्राफर उभा होता तिथे आपण उभं राहायचं. त्यासाठी फोटोत आजही टिकलेल्या दोन वस्तू निवडायच्या, एक जवळची आणि एक लांबची: समजा हायकोर्टाच्या छपराचं टोक आणि त्यामागे राजाबाई टॉवर. फोटोत त्या दोहोंमध्ये जेवढी फट आहे तेवढी प्रत्यक्षात दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकत राहायचं. अशीच दुसरी जोडी घेतली की दोन रेषा जिथे छेदतात ती कॅमेऱ्याची जागा. रस्त्यावर उभं राहून काही केल्या जुळत नसेल तर फोटो बहुधा वरच्या मजल्यावरून काढलेला असतो; लोकांच्या डोक्यांचे माथे दिसताहेत का बघा. अडचण करतात ती झाडं. फोटोत जिथे मोकळं मैदान आहे तिथे आता पर्जन्यवृक्षांनी अख्खा मजला झाकलेला असतो. तरी रस्त्याची वळणं टिकतात. इमारत पडते, नवी येते, पण फुटपाथची रेघ आणि कोपऱ्याचा कोन बहुतेक वेळा तोच राहतो. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले, ते फोटोत दिसतात त्याच वळणावर.

आता जे मला खरोखर सांगायचं आहे तिथे येते. हे सगळे फोटो फोर्टचे आहेत. स्टुडिओंनी साहेबांना विकण्यासाठी जे काढलं ते स्टेशन, चर्च, क्लब, हॉटेल. गिरगाव, भुलेश्वर, कामाठीपुरा, लालबाग, म्हणजे आपली माणसं जिथे राहत होती तिथल्या गल्ल्या, त्यात फारच थोड्या. तिथल्या घरांच्या आतपर्यंत कॅमेरा शिरला तो १८९६ साली मांडवीत प्लेग सापडल्यानंतर. त्या फोटोंत, घरात उजेड यावा म्हणून कौलं उतरवलेली दिसतात, भिंतींना चुना मारणारे लोक दिसतात, दारांवर मृत्यूची नोंद करणारी वर्तुळं दिसतात. पुढे १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. जे पाडलं गेलं त्याचं उरलेलं चित्र बरेचदा रोगराईच्या फोटोंतलंच आहे. आपल्या पणजोबांची गल्ली आपल्याला फक्त तिच्या सगळ्यात वाईट वर्षात बघायला मिळावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती उणीव भरून काढणारे फोटो सरकारी दप्तरात नाहीत, तुमच्या घरी आहेत. गिरगावातल्या एका आजींनी मला त्यांच्या चाळीतल्या लग्नाचा फोटो दाखवला. गॅलरीत मुंडावळ्या बांधलेली जोडी, बाजूला नऊवारीतल्या बायका, कठड्यावर वाळत घातलेलं धोतर घाईघाईत बाजूला सारलेलं. आजी प्रत्येक चेहऱ्याचं नाव सांगत होत्या आणि मी कठड्यापलीकडे बघत होते. खाली रस्त्यावर ट्रामची तार. समोरच्या उपाहारगृहाच्या फळ्यावर खडूने लिहिलेले भाव, ‘न. पै.’ असे. नये पैसे १ एप्रिल १९५७ला आले आणि ‘नये’ हा शब्द जून १९६४मध्ये गेला. मुंबईची शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४च्या रात्री. दुकानाच्या पाटीवर पत्ता ‘मुंबई ४’. सहा आकडी पिनकोड १९७२ साली आला, त्यानंतरच्या पाटीवर तिथे ४०० ००४ असतं. म्हणजे त्या लग्नाच्या फोटोत गिरगावातला एक कोपरा जवळपास सात वर्षांच्या टप्प्यात नेमका बसला. मुहूर्त मार्गशीर्षातला होता हे आजींना पाठ होतं, साल आठवत नव्हतं. ती चाळ आता नाही, तिथे टॉवर आहे. त्या समोरच्या दुकानांची ओळ दिसेल असा दुसरा फोटो मला अजून कुठेही मिळालेला नाही.

म्हणून माझं उत्तर विचारणाऱ्यांकडेच परत येतं. मुंजीचे, बारशाचे, गणपती विसर्जनाचे, गच्चीवर पापड वाळत घालतानाचे फोटो काढून बसा. माणसांच्या मागे बघा. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस शेजारी असताना हे करा, कारण ‘हा कोपरा म्हणजे आपला दूधवाला’ हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. ऐकलेलं फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेनने लिहिलं तर ते समोरच्या बाजूला उमटतं. फ्रेममध्ये बसावा म्हणून कडा कापू नका, सगळी माहिती कडांवरच असते. अल्बममध्ये गोंदाने चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असेल तर तीही बाजू स्कॅन करा, कारण पत्त्याची पद्धत पाहूनही काळ कळतो. आणि ट्राम जाण्याआधीचा, चाळीच्या गॅलरीतून रस्त्याकडे काढलेला फोटो तुमच्याकडे असेल, कितीही पुसट असला तरी, मला जरूर दाखवा. मूळ प्रत घरीच ठेवा. दोन्ही बाजूंचं स्कॅन मला पुरतं.