मी काय ऐकलं नाही?

शनिवार, रात्र.

आजी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, मी तुमचं काय ऐकलं न्हाई?"

मला काही कळेना. नातवाने मोबाइल पुढे धरला. त्यावर मीच लिहिलेला त्यांचा मागच्या महिन्याचा केसपेपर होता. दवाखान्याचं सॉफ्टवेअर आभाला, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याला, जोडल्यापासून पेशंटने त्याचा तो १४ आकडी नंबर दिला की माझी नोंद त्याच्या ॲपमध्ये दिसते. अकरावीतल्या पोराने एकेक ओळ आजीला मराठीत सांगितली होती. 'डिनाइज चेस्ट पेन' म्हणजे छातीत दुखतं ते तू कबूल करत नाहीस. 'नॉन-कम्प्लायंट' म्हणजे तू डॉक्टरांचं ऐकत नाहीस. पहिल्याचा अर्थ चुकला होता: छातीत दुखत नाही असं तुम्ही सांगितलं, एवढाच तो, हे मी समजावलं. दुसऱ्याचा त्याने अगदी बरोबर लावला होता.

तीन महिन्यांची सरासरी साखर ९.८, म्हणजे बरीच जास्त आली होती, म्हणून लिहिलं. गोळ्या घेता ना, हे विचारलं होतं. "घेती की," म्हणाल्या होत्या. त्यापुढे मी विचारलं नाही.

आज विचारलं. सुनेलाही साखर निघाली आहे. एकीच्या गोळ्यांची पट्टी दोघी घेतात, एक दिवस ही, एक दिवस ती. "तिला दोन बारकी पोरं हायत, बाई."

दुपारभर मात्र मला स्वतःचीच कीव येत राहिली. सत्तर पेशंट, डबा तसाच परत. सरांनी शिकवला तो शब्द, पंचवीस वर्षं सगळेच लिहितो. पुढच्या डॉक्टरला एका नजरेत कळावं म्हणून नोंद असते, मग आता ती नातवालाही बोचणार नाही अशी लिहायची? आणि हे सगळं कधी, कोणत्या वेळात? बहिणीला, अनूला, फोनवर हेच सांगत बसले. ती गप्प राहिली. आईच्या फायलीवर कोणी काय लिहिलं होतं ते तिलाही आठवलं असेल. तो विषय आज नको.

पण ते वाक्य काही जाईना. मी काय ऐकलं न्हाई? तक्रारीचा सूर नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. महिनाभर घरात आठवत बसल्या असतील, आपण बाईंचं कुठे मोडलं.

मागितल्यावर ७२ तासांत पेशंटला कागद द्यायचे, हा नियम २००२ पासून आहे. म्हणजे नोंद त्यांनी वाचणं काही आजचं नाही. मागायला येत ते बहुतेक विम्यासाठी, नाहीतर वकिलाने सांगितलं म्हणून. आजी कधीच आल्या नसत्या, आणि त्या भरवशावर मी लिहीत होते. हे लिहिताना हात अडखळतोय.

जेवणानंतर अमेरिकेतला तो प्रयोग पुन्हा वाचला. २०१० मध्ये बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिॲटलच्या शंभरावर डॉक्टरांनी वर्षभर आपल्या नोंदी पेशंटना ऑनलाइन उघड्या केल्या. वर्ष संपल्यावर एकानेही बंद करा म्हटलं नाही. औषधं चालू असलेल्यांपैकी निदान ६० टक्के लोक म्हणाले, वाचायला लागल्यापासून औषधं जास्त नीट घेतो. इथे तर आजींनी वाचून घेतलं, म्हणून गोळ्यांचं मला कळलं.

जुनी नोंद पुसता येत नाही. तारखेसकट राहते, खाली दुरुस्ती जोडता येते. राहू दे. दुरुस्ती मी तेव्हाच, दवाखान्यात त्यांच्यासमोर टाइप केली, मराठीत, मोठ्याने वाचत: 'गोळ्या घरात दोघींत वाटल्या जातात, म्हणून एक दिवसाआड. मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं.' सुनेचा वेगळा केसपेपर काढायचा, सोमवारी दोघींनी यायचं.

दारातून आजी नातवाला म्हणत होत्या, "आलं का रं त्यात, बघ." अजून आलं नव्हतं. दोघं बाकावर थांबून राहिले. पुढचा पेशंट आत आला होता, पण माझं लक्ष बाहेरच होतं.