‘सिगारेट सोडली’ म्हणजे नेमकं काय मोजलं?

‘आमच्या कार्यक्रमामुळे ४० टक्के लोकांनी सिगारेट सोडली’ असं वाचलं की आधी एक विचारायचं: ४० टक्के कुणाचे?

समजा, १०० जणांना समुपदेशन दिलं. सहा महिन्यांनी फोनवर ६० जण सापडले. त्यातले २४ म्हणाले, ‘गेल्या सात दिवसांत एकही ओढली नाही.’ २४ भागिले ६०, झाले ४० टक्के. पण सुरुवात १०० जणांनी केली होती. छेदात १०० ठेवले तर २४ टक्के उरतात. या २४ जणांना श्वासतपासणीला बोलावलं, १८ आले, १५ जणांचा श्वास स्वच्छ निघाला. १५ टक्के. त्यातही, सोडायच्या ठरवलेल्या दिवसापासून सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त सिगारेटी न ओढलेले फक्त ११. माणसं तीच, कार्यक्रम तोच, आणि कुणी खोटंही लिहिलेलं नाही. चार आकड्यांपैकी कुठला छापायचा, हे निकाल हातात आल्यावर ठरवलं, की मग अभ्यासावरचा विश्वास उडतो.

हा घोळ टाळण्यासाठी रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘रसेल स्टँडर्ड’ मांडलं. निकोटीनच्या व्यसनावर आयुष्यभर काम केलेल्या मायकेल रसेल यांचं नाव त्याला दिलं आहे. त्याचे नियम असे: सहा किंवा बारा महिन्यांचा पाठपुरावा, पाच सिगारेटींची सूट, शरीरातून मिळालेला पुरावा, विचारणाऱ्याला कोण कुठल्या गटात (समुपदेशन मिळालेल्या, की तुलनेसाठी घेतलेल्या) ते माहीत नसणं, आणि जो सापडला नाही तो ओढतोच आहे असं धरणं. या शेवटच्या नियमाकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघायला हवं. समुपदेशन मिळालेल्या गटातले ८० टक्के लोक सापडले आणि दुसऱ्या गटातले ५५ टक्केच, तर तुलनागटातले सोडलेले लोकही ‘ओढणारे’ म्हणून मोजले जातात आणि कार्यक्रम आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून दोन्ही गटांतले सापडलेले किती, हे लेखात वेगवेगळं दिलंच पाहिजे.

पुराव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथेच होण्याचा धोका आहे. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणं स्वस्त आणि झटपट. खोल श्वास घ्यायचा, १५ सेकंद रोखायचा, मग सावकाश पूर्ण सोडायचा. रोखण्यात कुचराई झाली की आकडा कमी येतो. जुना निकष १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) खाली असा होता. २०२० मध्ये निकोटीन आणि तंबाखू संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तो ५ ते ६ च्या आसपास आणायची शिफारस केली. पण हा वायू रक्तातून चार-पाच तासांत निम्मा होतो. दिवसाला दोन-तीन सिगारेटी ओढणारा माणूस काल दुपारनंतर थांबला, तर सकाळी यंत्र त्याला ‘स्वच्छ’ ठरवतं. उलट चुलीसमोर तास काढून आलेल्या बाईचा आकडा विनाकारण चढतो. म्हणून तपासणीची वेळ, यंत्र शेवटचं कधी प्रमाणित केलं आणि खोलीतल्या हवेचा आकडा, हे तिन्ही तिथेच लिहून ठेवायचे.

महाराष्ट्रात तर या यंत्रावर एकट्यावर विसंबून चालणारच नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे. बिडी सोडून तंबाखू-चुना धरलेला किंवा मिश्रीवर आलेला माणूस श्वासतपासणीत अगदी सहज उत्तीर्ण होतो. त्याच्यासाठी लाळेतलं कोटिनिन मोजावं लागतं. शरीरात निकोटीनपासून बनणारा हा पदार्थ सुमारे १६ तासांनी निम्मा होतो, म्हणजे दोन-तीन दिवसांमागचंही सापडतं. अडचण एवढीच की निकोटीनचं च्युइंगम किंवा पॅच चालू असेल तर कोटिनिन येणारच. मग लघवीतलं अ‍ॅनाबेसिन तपासायचं, कारण ते तंबाखूत असतं, औषधी निकोटीनमध्ये नसतं. प्रयोगाची आखणी करतानाच हे ठरवलं नाही, तर च्युइंगम नेमाने खाणारेच नापास ठरतात.

दिल्लीच्या गरीब वस्त्यांमध्ये झालेली एक चाचणी २०१७ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ३२ वस्त्या, १२१३ लोक. निम्म्यांना समुपदेशन आणि योगातल्या श्वसनाचे व्यायाम, बाकीच्यांना अगदी थोडक्यात सल्ला. सात महिन्यांनी लाळेच्या तपासणीसह सोडलेले: २.६ टक्के विरुद्ध ०.५ टक्के, म्हणजे १६ माणसं विरुद्ध ३. पाचपट म्हणून मथळा करता आला असता, पण इतक्या थोड्या माणसांवरून काढलेली ती पट खरी दीडपटही असू शकते आणि वीसपटही, हे लेखातच दिलं आहे. छोटा, अवघड आणि विश्वासार्ह असा हा आकडा कुठल्याही चकचकीत ४० टक्क्यांपेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

‘अगदी थोडक्यात सल्ला’ हे शब्दही तपासायचे. पुष्कळ लेखांत तुलनागटाला ‘नेहमीची सेवा’ दिली एवढंच लिहिलेलं असतं. ती नेहमीची सेवा म्हणजे एक पत्रक, की वीस मिनिटं बोलणारी परिचारिका? दुसऱ्या प्रकारात कार्यक्रम चांगला असूनही फरक कमी दिसतो. किती बैठका, किती मिनिटं, कोणत्या भाषेत, कोणी, काय बोललं, ती पुस्तिका जशीच्या तशी जोडायला हवी, दोन्ही गटांची.

आता नोंदणी. भारतातल्या अशा चाचण्या २००७ पासून सीटीआरआय या देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत नोंदवता येतात आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंद करावी लागते. नोंदणी क्रमांकात सीटीआरआयनंतर वर्ष आणि महिना असतो. तो लेखातल्या भरतीच्या तारखेशी ताडून बघायला अर्धा मिनिट पुरतो. मग मुख्य निकष बघायचा. नोंदीत ‘सहा महिने, कोटिनिनसह’ आणि लेखात ‘तीन महिने, स्वतःच्या सांगण्यावरून’ असेल, आणि बदलाचं कारण दिलेलं नसेल, तर पुढचे तक्ते वाचण्यात वेळ घालवू नये.

शेवटी मूळ आकडे, इतरांना तपासता येतील असे. प्रत्येक माणसाची एक ओळ: गट, सुरुवातीच्या सिगारेटी, उठल्यावर पहिली किती मिनिटांनी, सापडला की नाही, काय सांगितलं, यंत्रावर काय आलं, कधी. सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा कागद. तो नसेल तर ‘माहिती नाही’साठी घातलेला ९९९ कुणीतरी सरासरीत मिळवून टाकतो. गाव आणि अचूक वय एकत्र देऊ नये. छोट्या गावात बिडी ओढणारी बहात्तर वर्षांची बाई एकच असते आणि ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. वय दहा वर्षांच्या टप्प्यांत द्यावं, गावाऐवजी जिल्हा. आणि नाव काढून ही माहिती इतर संशोधकांना देऊ, ही ओळ संमतीपत्रात पहिल्याच दिवशी मराठीत हवी. ती राहून गेली, तर एथिक्स कमिटी नंतर फाईल खुली करू देत नाही, आणि शेकडो घरांत पुन्हा सह्या घ्यायला जाण्याइतका निधी तोवर उरलेला नसतो.