खिशातले हात

मागच्या रविवारी लॉन्ड्रीतून परत येत होते, सोबत वरच्या मजल्यावरच्या डॉमिनिकन फॅमिलीतला सोळा वर्षांचा मुलगा, माझी एक बॅग त्याच्या खांद्यावर. थंडी मरणाची, पोराने हात हुडीच्या खिशात खुपसलेले. कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी वळली आणि त्याने बोलता बोलता दोन्ही हात बाहेर काढले, बोटं मोकळी सोडली, गाडी गेल्यावर परत खिशात. बोलणं चालूच. मीच थांबले. "आईने शिकवलंय," म्हणाला, जसं आपल्याकडे बाहेरून आलं की पाय धुवायला शिकवतात तसं.

आम्ही राहतो न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये, यांकी स्टेडियमपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. इथे एक काळ असा होता की पोलीस रस्त्यात कोणालाही अडवून अंगझडती घ्यायचे, 'स्टॉप अँड फ्रिस्क' म्हणतात त्याला. एकट्या २०११ सालात न्यूयॉर्कमध्ये ६,८५,७२४ वेळा लोकांना अडवलं, त्यातल्या शंभरातल्या ८८ वेळा ना अटक ना समन्स. १४ ते २४ वयाची काळी आणि लॅटिनो मुलं शहराच्या लोकसंख्येत पाच टक्केसुद्धा नाहीत पण अडवलेल्यांत जवळजवळ ४२ टक्के तीच. प्रत्येक वेळी एक फॉर्म भरायचा, त्यात कारणांचे चौकोन, आणि निम्म्याहून जास्त वेळा टिक कशावर, तर 'चोरटी हालचाल'. म्हणजे काय ते अडवणाऱ्यानेच ठरवायचं! त्या पोराचे हात तेव्हा कळले मला.

पण हे आकडे पोलिसांच्या फॉर्मवरून निघालेले. ज्यांना अडवलं त्यांना कोण विचारणार? ते काम इथे मॉरिस जस्टिस प्रोजेक्टने केलं, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. सिटी युनिव्हर्सिटीचे ब्रेट स्टाउट, मारिया एलेना टॉरे हे संशोधक आले, पण प्रश्न घेऊन नाही आले, प्रश्न इथल्या आयांनी, तरुण पोरांनी, म्हाताऱ्यांनी त्यांच्याबरोबर बसून तयार केले, आणि मग चाळीस ब्लॉक्समधल्या हजारावर लोकांकडून भरून घेतले. उत्तरं जर्नलमध्ये छापून संपली नाहीत, ती परत फुटपाथवर आणली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून तुम्हाला काय वाटतं विचारलं, आणि एका रात्री पोलिसांना लिहिलेलं पत्र प्रोजेक्टरने इथल्या उंच बिल्डिंगच्या भिंतीवर झळकवलं. ज्याच्या गल्लीची गोष्ट त्यालाच आधी वाचायला मिळाली, मला तरी खरं संशोधन हेच वाटतं.

ऑगस्ट २०१३ मध्ये कोर्टाने ही अडवाअडवी ज्या पद्धतीने चालली होती ती घटनाबाह्य ठरवली. ब्लूमबर्ग मेयर असताना तिचं समर्थन करत राहिले, नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये माफी मागितली. आकडे खूप खाली आले पण हात अजून खिशाबाहेर येतायत.

माझ्या माहेरच्या गावी चोरी झाली की जीप आधी पारध्यांच्या पालांवर जायची. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट १९५२ ला रद्द झाला हे शाळेत शिकवलं, जीप तिकडेच का जाते हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पालातल्या माझ्या वयाच्या पोरांना किती वेळा उचललं हे कुठल्या वहीत लिहिलेलं असेल?

त्या रविवारी संध्याकाळी कपडे घडी करताना वरच्या पोराच्या आईला मॉरिस जस्टिसच्या सर्व्हेबद्दल विचारलं. तिने भरला होता तेव्हा, मोठ्या मुलाच्या वेळचा. मुलाला किती वेळा अडवलं, तर आठवायला लागलंच नाही म्हणाली. किचनमधल्या कॅलेंडरवर प्रत्येक वेळी ती पेन्सिलने फुली मारायची. ती कॅलेंडरं तिने अजून टाकलेली नाहीत.